चंद्राच्या ध्रुवांवरील बर्फ आणि समुद्राची भरती

भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आला म्हणजे वऱ्हाडातील शिक्षकापुढे एक अडचण उभी राहते. वर्गातील बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. बडनेऱ्यासारख्या गावाचा समुद्राशी संबंध एवढाच, की येथील स्थानकावरून पश्चिमेकडे जाणारा लोहमार्ग साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून शेवटी मुंबईस समुद्राजवळ थांबतो. अशा स्थितीत ‘चंद्राच्या आकर्षणाने समुद्रास भरती येते’ हे वाक्य मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. अलीकडे ह्या पाठांतरात आणखी एका वाक्याची भर पडली आहे : ‘भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर उतरले व तेथे त्याने पाणी शोधले.’ पहिले वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. दुसरे तर ज्या रूपात सांगितले जाते त्या रूपात खरे नाही. ही दोन्ही वाक्ये एकमेकांपासून फार दूरची वाटतात. परंतु चंद्राच्या ध्रुवांजवळ बर्फ टिकून राहिला ह्याच्या मुळाशी समुद्रास भरती आणणारी ओढच आहे, आणि हा संबंध मुलांच्या ध्यानात आणून दिल्यास दोन्ही विषय एकदमच उलगडतात.

प्रथम भरतीचा विचार करावा. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे साठपट अंतरावर आहे. पृथ्वीची चंद्राकडील बाजू तिच्या मध्यापेक्षा एका त्रिज्येने जवळ, तर पलीकडील बाजू एका त्रिज्येने दूर. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे जवळच्या बाजूवर चंद्राची ओढ मध्यापेक्षा शेकडा सुमारे तीनने अधिक आणि दूरच्या बाजूवर जवळपास तितक्यानेच कमी पडते. भरती येते ती ह्या फरकामुळे. चंद्र पाणी वर उचलून घेतो, अशी समजूत करून घेतलेल्या मुलास चंद्राच्या विरुद्ध बाजूसही त्याच वेळी भरती का असते, हे कधीच उमगत नाही.

ह्यासाठी शाळेच्या पटांगणात तीन मुले एकामागे एक उभी करावीत. सर्वांची तोंडे एका झाडाकडे असावीत. ते झाड म्हणजे चंद्र. पुढचा मुलगा हे चंद्राकडील पाणी, मधला पृथ्वी आणि मागचा पलीकडील पाणी. खूण होताच पुढच्याने बारा, मधल्याने दहा व मागच्याने आठ पावले टाकावीत. तिघेही झाडाकडेच गेले. पण मधल्या मुलाने पाहिले तर पुढचा त्याच्यापासून दोन पावले पुढे गेलेला आणि मागचा दोन पावले मागे राहिलेला दिसतो. पृथ्वीवरून पाहणाऱ्यास दोन्ही बाजूंचे पाणी फुगलेले दिसते ते असे. पृथ्वी ह्या दोन फुगवट्यांखालून फिरत असते, म्हणून किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. दरम्यान चंद्रही आपल्या मार्गावर पुढे सरकतो. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते.

सूर्याचीही भरती असते. ती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी. अमावास्येस व पौर्णिमेस दोन्ही भरत्यांची बेरीज होते व उधाण येते. अष्टमीच्या सुमारास त्या एकमेकींस छेद देतात, तेव्हा भांगाची भरती असते. मुंबईच्या बाजूस किनाऱ्यावरील लोकांचा एक ढोबळ हिशेब आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असल्यास चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या व पहाटे तीनच्या सुमारास समुद्र भरलेला. तासाभराचा फरक पडू शकतो, तथापि अपूर्णांकाच्या गुणाकारासाठी ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. पोळा हा वऱ्हाडच्या मुलांच्या परिचयाचा सण. तो श्रावणातील अमावास्येस येतो. बैलांच्या शिंगांना रंग लावण्याचे काम येथे चालू असते, तेव्हा दुपारी बाराच्या आगेमागे मुंबईच्या समुद्राला भरती असते. आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यास, ती पाऊण तास उशिरा येते. ज्यांचे नातलग कामधंद्यानिमित्त मुंबईस राहतात त्या मुलांना ह्या वेळेचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दुपारी समुद्रास मोठी भरती होती. नाल्यांतील पाण्याला समुद्रात उतरण्यास वाट राहिली नाही, आणि शहर बुडाले.

येथे एखादा चौकस मुलगा हमखास विचारतो : आमच्या विहिरीला भरती का येत नाही? विहिरीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चंद्राच्या अंतरात पडणारा फरक इतका क्षुद्र असतो, की त्यापासून मोजण्याजोगा फुगवटा उत्पन्न होत नाही. त्यासाठी महासागराचाच विस्तार हवा. परंतु भरती बडनेऱ्यास येतच नाही, असे मात्र सांगू नये. पृथ्वीचे घन कवचही चंद्र-सूर्यांच्या ओढीने किंचित ताणले जाते, आणि पायांखालची जमीन दिवसातून दोनदा वीत-दीड वीत वर येऊन खाली बसते. शाळा, विहीर, स्थानक आणि लोहमार्ग सर्वच एकत्र वरखाली होत असल्यामुळे कोणास काही जाणवत नाही. सूक्ष्म उपकरणांनी मात्र ही हालचाल मोजता येते.

ओढ परस्परांची असते. चंद्र पृथ्वीला ताणतो, तशी पृथ्वी चंद्राला ताणते. आणि पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या एक्याऐंशी पट असल्यामुळे चंद्रावर होणारा परिणाम फार मोठा. आरंभीच्या काळात चंद्र स्वतःभोवती अधिक वेगाने फिरत होता. पृथ्वीच्या ओढीने त्याच्या खडकाळ देहावर उठणारा फुगवटा त्याच्या फिरण्याला अडवीत राहिला. कुंभाराच्या फिरत्या चाकावर हात टेकला असता ते मंदावते त्याप्रमाणे चंद्राची गती कमी होत गेली. शेवटी पृथ्वीभोवतीची एक प्रदक्षिणा व स्वतःभोवतीचा एक फेरा ह्यांस सारखाच, सुमारे सव्वासत्तावीस दिवसांचा, काळ लागू लागला. तेव्हापासून चंद्राची एकच बाजू पृथ्वीवरून दिसते. दुसरी बाजू ‘अंधारी’ असते, हा समज चुकीचा. तिच्यावरही जवळजवळ पंधरा दिवस ऊन आणि पंधरा दिवस रात्र असते. ती येथून दिसत नाही, एवढेच.

ह्याच घर्षणाचा दुसरा परिणाम चंद्राच्या अक्षावर झाला. तो एका स्थिर ठेवणीत येऊन बसला असून आज जवळजवळ उभा आहे. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला. चंद्राचा मात्र सूर्याच्या संदर्भात केवळ दीड अंश.

ह्या दोन आकड्यांमधील अंतर किती मोठे आहे, हे काठीच्या सावलीवरून दाखविता येते. बडनेरा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २०.९ अंशांवर आहे. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एकेक दिवस असा येतो, की माध्यान्ही सूर्य ठीक डोक्यावर असतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. खोल विहिरीच्या तळाशी ऊन पोचते ते ह्याच सुमारास. पण मे महिन्यात शाळेस सुटी असते आणि जुलैत आभाळ. म्हणून २२ डिसेंबर हा दिवस सोयीचा. त्या दिवशी घड्याळात सव्वाबारा वाजण्याच्या सुमारास सूर्य सर्वांत उंच असतो; तेव्हा एक मीटर काठीची सावली सुमारे सत्त्याण्णव सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच पडते. सूर्याची माध्यान्हीची उंची वर्षभरात एवढी पालटते, ती पृथ्वीचा अक्ष कललेला आहे म्हणून. चंद्रावर हा पालट अवघा तीन अंशांचा असतो. तेथे ऋतू नाहीत म्हटले तरी चालेल. आणि चंद्राच्या ध्रुवावर उभे राहणाऱ्यास सूर्य कधीच वर चढलेला दिसत नाही. तो क्षितिजाला चिकटून सभोवार फिरत राहतो; फार वर आला तरी त्याची वरची कड पावणेदोन-दोन अंशांपलीकडे जात नाही.

काळोख्या खोलीत जमिनीवर घमेले ठेवून, काठाच्या उंचीवर धरलेली बॅटरी त्याभोवती फिरविल्यास पुढील गोष्ट मुलांना दिसू शकते. घमेल्याचा काठ उजळत राहतो. तळ मात्र काळोखात राहतो, बॅटरी कोणत्याही बाजूस असो.

ह्याचे मोठे रूप समजून घेण्यास वऱ्हाडाइतकी सोयीची भूमी क्वचितच असेल. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अवकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने झालेले आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख मानले जाई, आणि आघाताचा निर्णायक पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, ते खोदले गेले तोच पाषाण बडनेऱ्याच्या काळ्या मातीखाली आहे. आणि चंद्रावर डागांसारखे दिसणारे प्रदेशही बेसॉल्टचेच आहेत. त्यामुळे चंद्रावरील विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारकडे विशेष कुतूहलाने पाहतात. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे १५० मीटर आहे. आता हेच विवर उचलून चंद्राच्या ध्रुवावर सपाट जमिनीत नेऊन बसविले, अशी कल्पना करावी. एका काठावरून आत शिरणारा सूर्यकिरण इतका तिरपा असेल, की समोरच्या भिंतीपर्यंतचे अठराशे मीटर ओलांडताना तो पन्नास-साठ मीटरच खाली उतरेल. त्याच्या खालच्या भागास, म्हणजे जवळपास नव्वद-शंभर मीटर खोलीस आणि संपूर्ण तळास, सूर्याचे दर्शन कधीच होणार नाही. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाशी लागून असलेले शॅकलटन नावाचे विवर सुमारे २१ किलोमीटर रुंद व चार किलोमीटरांहून खोल आहे. बडनेऱ्याहून अमरावतीस जाऊन परत येण्याएवढी त्याची रुंदी, आणि तळाशी अखंड काळोख. लोणारच्या तळ्यातील खारे पाणी हे पावसाचे व झऱ्यांचे आहे, ते आकाशातून आलेले नाही, हेही मुलांस ओघात सांगावे; नाहीतर ह्या तुलनेतून भलताच अर्थ निघावयाचा.

काळोखाबरोबर थंडी येते. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे उन्हातील ऊब सावलीत वाहून नेणारे काहीच नाही. चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने २००९ मध्ये अशा विवरांच्या तळांचे तापमान मोजले, तेव्हा काही ठिकाणी ते शून्याखाली २४० अंशांच्या आसपास आढळले. बर्फ टिकण्यास ही थंडी अत्यावश्यक आहे. उघड्यावर ठेवलेली कापराची वडी न वितळता उडून जाते, हे मुलांना ठाऊक असते. हवेचा दाब नसेल तेथे बर्फाचीही तीच गत होते. तो पाणी न होताच वाफ बनून निघून जातो. परंतु तापमान शून्याखाली १६० अंशांच्याही खाली राहिले, तर हे उडून जाणे इतके मंद होते की बर्फ कोट्यवधी वर्षे टिकू शकतो. म्हणजे ध्रुवांवरील काळोखी विवरे ही कापूर ठेवण्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यांसारखी आहेत.

असा बर्फ तेथे असावा, हा तर्क जुना आहे. त्याला पुरावा मिळण्यात भारताचा वाटा मोठा आहे. २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘चांद्रयान-१’ निघाले. १४ नोव्हेंबर २००८ रोजी, म्हणजे बालदिनी, त्यातून सोडलेली तिरंगा रंगविलेली एक पेटी शॅकलटन विवराच्या परिसरात आदळविण्यात आली. खाली जाताना तिच्यातील उपकरणास पाण्याच्या रेणूंची चाहूल लागली. त्याच यानावर अमेरिकेच्या नासा संस्थेचे एक उपकरण होते. चंद्राच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातील कोणता भाग शोषला गेला हे पाहून, तेथील मातीच्या कणांना पाण्याचे रेणू व त्यांचे जवळचे संयुग चिकटलेले असल्याचे त्याने दाखविले. ही वार्ता सप्टेंबर २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच महिन्यात, ९ ऑक्टोबर २००९ रोजी, अमेरिकेने एका रिकाम्या अग्निबाणाचा भाग दक्षिण ध्रुवाजवळील केबियस विवराच्या काळोखात मुद्दाम आदळविला. उडालेल्या धुराळ्याच्या परीक्षणावरून असे दिसले की तेथील शंभर किलो मातीत सुमारे साडेपाच किलो पाणी असावे. ‘चांद्रयान-१’ वरील त्याच उपकरणाच्या माहितीची २०१८ मध्ये पुन्हा छाननी झाली. तेव्हा ध्रुवांजवळच्या काळोखी भागांत काही ठिकाणी बर्फ अगदी पृष्ठभागावर उघडा असल्याचे आढळले. मात्र बर्फ टिकण्याइतकी थंडी असलेल्या जागांपैकी शेकडा तीन-चार जागीच तो असा दिसला. बाकीची पुष्कळ विवरे थंड असूनही वरून कोरडी आहेत.

तेव्हा ‘चंद्रावर पाणी आहे’ ह्या वाक्यावरून मुलाच्या मनात तळे किंवा नदी उभी राहत असेल, तर ते वाक्य बदलावयास हवे. चंद्रावर वाहते पाणी कोठेच नाही. जे आहे ते मातीत मिसळलेले, दगडासारखे कठीण, आणि अशा काळोखात की तेथे सौरऊर्जेवर चालणारे यंत्रही फार काळ टिकणार नाही. एवढे असूनही देशोदेशींच्या लक्षाचा तो विषय झाला आहे, कारण पृथ्वीवरून पाणी चंद्रावर नेणे अतोनात खर्चाचे आहे. आणि तेथेच ते मिळाले तर पिण्यास, श्वसनासाठी प्राणवायू काढण्यास आणि यानाचे इंधन करण्यासही उपयोगी पडेल.

दुसरी दुरुस्ती स्थळाविषयीची. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘चांद्रयान-३’ चंद्रावर अलगद उतरले, आणि तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळांतून होणाऱ्या भाषणांत यान ‘दक्षिण ध्रुवावर’ उतरल्याचे हटकून सांगितले जाते. यान उतरले ते दक्षिण अक्षांश ६९.३७ अंशांवर. तोपर्यंत कोणत्याही देशाचे यान ध्रुवाच्या इतक्या जवळ अलगद उतरलेले नव्हते, हा गौरव खरा आहे. परंतु तेथून ध्रुव आणखी वीस अंशांहून अधिक दूर, म्हणजे चंद्राच्या आकारमानाने सुमारे ६२५ किलोमीटर राहतो. बडनेऱ्याहून मुंबई जवळपास तितकीच लांब आहे; आणि बडनेरा समुद्रकाठी आहे, असे कोणी म्हणत नाही. त्या यानाने बर्फही शोधलेला नाही. त्याने मातीत गंधक असल्याचे दाखविले आणि जमिनीत शलाका खुपसून तापमान मोजले. उन्हात पृष्ठभाग पन्नास अंशांहून अधिक तापलेला असताना अवघ्या आठ सेंटिमीटर खाली पारा शून्याच्याही दहा अंश खाली होता. वैशाखात तापलेल्या शेतातील ढेकूळ उचलले असता खालची माती गार लागते, त्याचीच ही पराकाष्ठा होय. चंद्रावरची माती भुकटीसारखी व निर्वात असल्याने उष्णता तिच्यातून जवळजवळ उतरतच नाही.

हा बर्फ एकंदर किती, ह्याविषयी मतैक्य नाही. ‘चांद्रयान-१’ वरील रडारच्या आधारे उत्तर ध्रुवाजवळच्या चाळीसहून अधिक विवरांत मिळून साठ कोटी टन बर्फ असावा, असा अंदाज २०१० मध्ये देण्यात आला. पण ओबडधोबड दगडांवरूनही रडारचे प्रतिध्वनी तसेच येऊ शकतात, असा त्यावर आक्षेप आहे. तो आला कोठून, ह्याची उत्तरे तीन : धूमकेतू व उल्कांबरोबर, चंद्रावरील प्राचीन ज्वालामुखींच्या वाफेतून, आणि सूर्याकडून येणारे हायड्रोजनचे कण मातीतील ऑक्सिजनशी मिळून. तिन्ही मार्गांनी थोडाथोडा आलेला असणे संभवते.

तो किती जुना असेल, हा प्रश्न मात्र पुन्हा भरतीकडे नेतो. पृथ्वीवरील समुद्राचा फुगवटा पृथ्वीच्या फिरण्याबरोबर चंद्राच्या किंचित पुढे ओढला जातो व चंद्राला पुढे खेचीत राहतो. त्यामुळे चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने दूर जात आहे. १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांनी तेथे ठेवलेल्या परावर्तकावर पृथ्वीवरून लेसर किरण पाठवून हे अंतर मोजले जाते. मागे हिशेब करीत गेल्यास एक काळ असा येतो, की चंद्र आजच्या निम्म्या अंतराच्या आसपास होता. गणित असे सांगते, की त्या सुमारास त्याच्या अक्षाची जुनी ठेवण मोडली, अक्ष पुष्कळच कलला, आणि नंतर चंद्र दूर जात गेला तसतसा तो हळूहळू आजच्यासारखा उभा झाला. अक्ष कललेला असताना ध्रुवांवरील विवरांत ऊन शिरत होते. त्या वेळचा बर्फ तेथे टिकणे शक्य नव्हते. म्हणून कोणत्या विवराचा तळ केव्हापासून काळोखात आहे हे ठरविताना शास्त्रज्ञांस आधी चंद्र केव्हा किती दूर होता ह्याचा, म्हणजेच पृथ्वीवरील भरतीचा, हिशेब मांडावा लागतो. जी विवरे अलीकडे काळोखात आली त्यांत बर्फ कमी आणि जी फार पूर्वीपासून काळोखात आहेत त्यांत अधिक, असे असावे, हा त्यातून निघणारा तर्क आहे. ध्रुवाजवळ उतरून जमीन खणण्यासाठी भारत व जपान ह्यांनी संयुक्त मोहीम आखली आहे. तेथून हाती येणाऱ्या मातीवर हा तर्कही पारखून घेता येईल.